वॉटर पंपाला भोक कशाला?

गाडीखाली हिरवट किंवा गुलाबी थेंब दिसले की दोष रेडिएटरला दिला जातो. पण पुष्कळदा ते वॉटर पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून येतात. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं: दांड्याभोवतीचं सील झिजलं, तर कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावं म्हणून. सुकलेला पुसट डाग चालेल. सतत ओल असेल तर पंप बदलायलाच हवा. नळाचं पाणी भरत राहिलं तर क्षार आणि गंजाचे कण सीलचे गुळगुळीत पृष्ठभाग खरवडतात, म्हणून कूलंटच वापरावं. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप बेल्टसोबतच बदलावा, असं मेकॅनिक सुचवतो. ‘चांगला पंप का काढायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. पण नंतर पंप गळला तर तोच बेल्ट पुन्हा उतरवावा लागतो, मजुरीही दुसऱ्यांदा पडते. शिवाय पंप जाम झाला तर बेल्ट तुटू शकतो, आणि अनेक इंजिनांत मग पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात.