पुरे पुरे म्हणता बावन्न पुरे!

जिंतूरकरहो, मंठा-जालना करत छत्रपती संभाजीनगरला शॉपिंगला तर तुम्ही जाताच. पण गुलमंडीवर ज्या गर्दीत तुमची चप्पल तुडवली जाते, ती गर्दी चारशे वर्षं जुनी आहे, हे माहीत आहे का?

या शहराचा स्टार्ट-अप कुणाचा? एका गुलामाचा! मलिक अंबर जन्माने इथिओपियाचा. लहानपणीच विकला गेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. 1610 मध्ये त्याने खडकी गावाच्या जागी नवं शहर वसवलं. 1612 मध्ये मोगलांना हरवल्याची आठवण म्हणून भडकल दरवाजाही ठोकून दिला. जो स्वतः बाजारात विकला गेला, त्यानेच बाजारपेठ वसवली! वेब सीरिजवाल्यांनो, ऐकताय ना?

नावांची तर फुल सीरिजच आहे. खडकी, मग मलिक अंबरच्या मुलाचं, फतेहखानाचं फतेहनगर, 1653 मध्ये औरंगाबाद, 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर. खडकी मात्र हट्टी! खडकेश्वर महादेवाच्या नावात अजून ठाण मांडून बसली आहे.

पाणी कुठून यायचं? डोंगराकडून, खापरी नळांतून. मलिक अंबरची ही नहर जमिनीखालून शहरात शिरायची. पाणचक्कीत तर पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. लाइट बिल झीरो!

आता शहराच्या पुऱ्यांकडे वळू. (तळायच्या नव्हे, राहायच्या वस्त्या!) ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ ही या शहराची जुनी टॅगलाइन. मलिक अंबरच्या काळात मराठा सरदारांच्या नावाने मालपुरा, खेलपुरा, परसपुरा आणि विठापुरा होते. मोगलांबरोबर राजपूत आले आणि पुऱ्यांची दुसरी बॅच निघाली. कर्णपुरा बिकानेरच्या राजा करणसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा, म्हणजे बाप-लेक शेजारी-शेजारी! जसवंतपुरा जोधपूरच्या जसवंतसिंहाचा. सरदार आला की त्याची छावणी यायची, छावणीला दाणा-गोटा, कापड, घोड्याचा नाल असं सगळं लागायचं. मग वाणी-उदमी मागोमाग हजर. छावणी उठली, दुकानं राहिली.

आणि ही माझी सगळ्यात आवडती गंमत. 1660 च्या दशकात फ्रेंच प्रवासी तेवनो इथे येऊन गेला आणि एवढ्या मोठ्या शहराला तटबंदीच नाही, असं त्याने लिहून ठेवलं. मग 1682 मध्ये भिंत उठली. का? मराठ्यांच्या स्वाऱ्यांची धास्ती! तेव्हा गादीवर होते छत्रपती संभाजी महाराज. ज्यांच्या धास्तीने दरवाजे लावले, आज शहर त्यांच्याच नावाचं!

या बाजारातलं मशरू नावाचं कापड माहीत आहे का? बाहेरून रेशीम, आतून सूत. मुसलमान पुरुषांना निव्वळ रेशीम अंगाला लावायला धर्माची मनाई, म्हणून विणकरांनी हा जुगाड काढला. रेशमाचा थाट दिसतो, पण अंगाला लागतं ते सूत! त्याचाच भाऊबंद हिमरू. त्याच्या शाली आजही टुरिस्टांच्या बॅगेत जाऊन बसतात.

1763 मध्ये निजामाने इथली राजधानी हैदराबादला हलवली आणि बाजाराची रयाच गेली. 1900 मध्ये मनमाडकडून मीटरगेज रेल्वे आली, तेव्हा कुठे पुन्हा जान आली.

बस्ता बांधायला मछली खडकला जाता ना? नाव मछली, पण मिळते पैठणी! जगात ही गंमत आपल्या एकट्याचीच नाही बरं. व्हिएतनाममध्ये हनोईच्या जुन्या पेठेत ‘36 गल्ल्या’ आहेत, बहुतेकींना एकेका मालाचं नाव. तिथेही कित्येक गल्ल्यांत माल बदलला आणि पाटी तीच राहिली. त्यांच्या 36, आपले 52. स्कोअर तुम्हीच बघा!

दरवाजे मात्र आता मोजकेच उरलेत. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीची यात्रा भरते, तेव्हा जा. आणि गुलमंडीवर कार नेण्याचं धाडस करू नका. ही पेठ घोड्यांच्या मापाने बांधली आहे!