डावा हात पाठीशी

कॉलेजच्या प्रयोगशाळेतला सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, हल्ली भंगारात किलोच्या भावाने जातो. पत्र्याची पेटी, आत काचेची लांबट ट्यूब, जड ट्रान्सफॉर्मर. घेणाऱ्याला त्यातलं तांबं तेवढं दिसतं. असे सीआरओ, सिग्नल जनरेटर, काट्याचे मीटर गोळा करून एक गृहस्थ ते घरच्या पडवीत पुन्हा चालू करतात, तेही शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या पुढच्या एका गावात, हे कळल्यावर मला राहवेना. कॉलेजात त्या हिरव्या रेषेवर माझा जीव होता.

गाव त्यांना दादा म्हणतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मीटर तपासण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. त्या काळी हा भाग अशा कामाने गजबजलेला होता. १९६२ साली सुरू झालेली अ‍ॅपलॅब तिथलीच. तिचे सीआरओ आणि पॉवर सप्लाय कित्येक कॉलेजांत पोचले. आता दादांच्या टेबलावर अशा यंत्रांची शेवटची पिढी येते.

मी गेलो तेव्हा टेबलावर एक दोन चॅनलचा सीआरओ उघडा पडला होता. चालू करून दाखवा म्हटलं, तर ते नुसते हसले. "पंधरा-वीस वर्षं याने वीज पाहिलेली नाय. एकदम दोनशे तीस दिले तर जे चांगलं आहे तेपण जाईल."

दोष बहुतेक वेळा कपॅसिटरमध्ये असतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच व्होल्टेज अडवून धरतो. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यास हा थर विरत जातो. मग अचानक पूर्ण दाब आला की आत करंट गळतो, कपॅसिटर तापतो, फुगतो, कधी फुटतो. थोडं थोडं व्होल्टेज चढवत नेलं तर थर पुन्हा धरतो, पण त्याला तास लागतात. ज्यातला द्रव सुकलाय तो मात्र बदलावाच लागतो. धूळ ब्रशने झाडणं, स्विचांचे संपर्क धुणं, फ्यूज योग्य अँपिअरचा आहे ना ते बघणं, ही कामं दादांचा पुतण्या उरकतो. त्याचा आयटीआय झालाय.

पहिली वीज देताना वायरीत एक दिवा असतो. याला सगळे सिरीज बोर्ड म्हणतात. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लखकन पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. दिवा तारेचाच लागतो, एलईडीचा इथे काही उपयोग नाही. मुरबाडच्या बाजारात आता तारेचा दिवा मागितला की दुकानदार माळ्यावर चढतो. दादांनी पंचवीस वॅटपासून दोनशेपर्यंतचे दिवे खोक्यात पेंढा घालून जपलेत. तारेचा दिवा तापला की त्याचा रोध वाढतो, या एवढ्याशा गुणावर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने आपला पहिला ऑसिलेटर स्थिर केला; त्याच घराण्यातले आठ ऑसिलेटर डिस्नेने 'फँटेशिया'साठी विकत घेतले. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच आहे की."

पण दिवा आहे म्हणून हात घालायचा नाही, हे त्यांनी मला बसल्याबसल्या हिशेब करून दाखवलं. साठ वॅटचा दिवा दोनशे तीस व्होल्टवर पाव अँपिअरपेक्षा थोडं जास्तच जाऊ देतो. म्हणजे अडीचशे मिलिअँपिअरहून जास्त. "आणि माणसासाठी लावलेला आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडतो? तीस. तीस मिलिअँपिअर! दिवा यंत्राला वाचवतो, तुम्हाला नाय." हे तीस मिलिअँपिअर मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की पुतण्याही ते त्यांच्याबरोबर पुटपुटायला लागला. डिमरस्टॅटचंही तसंच. व्होल्टेज शून्यापासून चढवता येतं म्हणून तो सुरक्षित, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात त्यात एकच गुंडाळी असते. कमी आकड्यावर ठेवला तरी लाइनशी थेट जोड तुटत नाही. त्यासाठी वेगळा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्याच्या पलीकडे गेलं की भिंतीवरच्या आरसीसीबीला तुमची खबर लागत नाही. मला ही बाब अतिशय महत्त्वाची वाटली, कारण प्रत्येक साधन एका धोक्यावरचं असतं आणि दुसऱ्याबद्दल गप्प असतं.

त्यांचा डावा हात. माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडेच जात होतं. उजव्या हातात प्रोब घेतला की डावा आपोआप पाठीमागे जाऊन लेंग्याच्या नाडीपाशी स्थिरावायचा. एका हातातून शिरलेला करंट दुसऱ्या हाताने बाहेर पडला तर वाटेत छाती लागते. वीज चालू असो की बंद, हात जायचाच. जेवताना पाण्याचा तांब्या घेतानाही मला तो क्षणभर मागे सरकल्यासारखा दिसला.

सीआरओच्या ट्यूबला दोन हजार व्होल्टच्या आसपास लागतात. स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. पुष्कळ जण स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढतात. दादा सिरॅमिकचा रेझिस्टर लांब दांड्याला बांधून सावकाश भार उतरवतात. मग मोटवानेचा नाशिकला बनलेला काट्याचा मीटर लावतात, पण आधी तो चालू विजेवर तपासून, आणि काटा शून्यावर दिसल्यानंतर पुन्हा एकदा चालू विजेवर. मीटर बिघडला असला तरी शून्यच दाखवतो, म्हणून. त्यांनी मला एक मोठा कपॅसिटर पूर्ण रिकामा करून टेबलावर ठेवायला सांगितला. चहा झाला, मीटर लावला. काटा हलला! आतल्या थरात मुरलेला भार हळूहळू वर आला होता. माझ्या अंगावर काटा आला, कारण रिकामा झालाय हे मी स्वतः पाहिलं होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये पडवी बंद असते. इथला पाऊस भिंतींतून आत येतो, दमट हवेत उच्च दाबाच्या भागात तडतड होते, बोर्डांवर बुरशी धरते. तेवढे दिवस यंत्रं लाकडी कपाटात, आत चाळीस वॅटचा दिवा लावून.

उन्हाळ्यात वेगळीच अडचण. सीआरओच्या प्रोबची जमिनीची चिमटी थेट अर्थिंगला जोडलेली असते, म्हणून घराची अर्थिंग चांगली हवी. आणि कोळसा-मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा रोध वाढतो. शहापूर तालुक्यातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं, पुढे वैतरणा आणि भातसाचंही जाऊ लागलं, आणि इथल्या पाड्यांवर एप्रिलपासून टँकरची वाट बघतात. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, तांदूळ धुतलेलं पाणी वेगळं ठेवतात आणि संध्याकाळी खड्ड्यात ओततात. "प्यायला नाय पुरत, पण यांच्या खड्ड्याला लागतं," असं त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, तरी मला ते बोचलं.

अर्थिंग कटकटीची म्हणून काही जण सीआरओच्या प्लगची जाड पिन कापून टाकतात. मग चिमटी कुठेही लावता येते, आणि सगळी पत्र्याची पेटी जिवंत होऊ शकते. याला जुगाड म्हणून मिरवणारे मी पाहिलेत. माझ्या मते ते दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे.

यंत्र अखेर चालू झालं तेव्हा आधी वास आला, तापलेल्या धुळीचा आणि बॅकेलाइटचा. मग अर्ध्या मिनिटाने हिरवा ठिपका उमटला, पसरून रेष झाला. यंत्राच्या समोरच्या टर्मिनलवरच्या एक किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेने कोपरे जरा गोल दाखवले. दादांनी प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून ते काटकोनात आणले. दुसरा चॅनल अजून डगमगत होता.

तोही बरा झाल्यावर यंत्र मुरबाडकडच्या एका शाळेला द्यायचं ठरलं. आम्ही टेंपोतून घेऊन गेलो. मुलं दारात जमली होती. दादांनी आधी सॉकेट तपासलं, फेज आणि अर्थिंग यांच्यात दिवा लावून. लागलाच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "आजचा दिवस चालवू या, पोरं थांबलीत." दादांनी दिव्याची वायर गुंडाळली. "सर, खड्डा करून घ्या, मी येऊन बघतो. तोवर हे माझ्याकडेच राहू द्या."

सीआरओ पुन्हा टेंपोत चढला.