बांधावरचा हिरवा खुराक

उन्हाळ्यात गोठ्यात उरतो तो ज्वारीचा कडबा. त्याने पोट भरते, पण त्यात प्रथिने जेमतेम चार-पाच टक्के. बांधावरच्या सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात ती वीस टक्क्यांच्या पुढे असतात. मुळे खोल गेल्याने गवत करपले तरी फांद्यांना पाला राहतो. म्हणून दरवेळी महागडी पेंड आणण्याआधी बांधाकडे पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

सुबाभळीतल्या मिमोसिन या विषारी घटकाने जनावरांचे केस गळतात, गलगंड होतो, हा आक्षेप खराच आहे. पण 1980च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले, हे विष पचवणारे जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले गेले आणि त्यांचा त्रास थांबला. आपल्याकडे प्रमाण सांभाळले तरी भागते. पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, कडब्यात मिसळून द्या. घोड्यांना मात्र देऊ नका.