श्रम, वय आणि आकड्यांची फसगत

जो अधिक खेळतो तो लवकर संपतो, असे सर्रास मानले जाते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल संघ याच भीतीने आपल्या आघाडीच्या खेळाडूंना सामन्यांतून वगळू लागले. अखेर २०२३-२४च्या हंगामापासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी ६५ सामन्यांची अट घालावी लागली.

परंतु श्रीरामपूरच्या झहीर खानची कारकीर्द पाहावी. भारतीय संघातून वगळला गेल्यावर २००६ साली तो वूस्टरशायरकडून हंगामभर राबला, ७८ बळी घेतले आणि अधिक कसलेला गोलंदाज होऊन परतला. २०११च्या विश्वचषकात २१ बळी. त्याच वर्षी लॉर्ड्सवर मात्र पहिल्याच दिवशी मांडीचा स्नायू दुखावला. २०१४ साली वेलिंग्टनला, वयाच्या पस्तिशीत, एका डावात ५१ षटके टाकून त्याने ५ बळी मिळविले. तो त्याचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्याला षटकांनी संपविले, की वयाने?

निव्वळ बेरजा येथे फसवितात. ज्याचे शरीर टिकते त्यालाच अधिक खेळविले जाते. जो मोडतो तो हिशेबातूनच गळतो. तेव्हा तेंडुलकरच्या २०० कसोटींवरून श्रम निरुपद्रवी ठरत नाहीत. विशीतल्या वेगवान गोलंदाजाला किती राबवावे, हे ठरविणाऱ्यांनी समवयस्क आणि समान वकुबाच्या गोलंदाजांची तुलना करावी, सरावातील षटकेही मोजावीत आणि दुखापतीने गळालेल्यांची नावे वहीतून खोडू नयेत.