हिरणदोडी: तीन शतकांच्या नोंदींचा मागोवा

कुंपणांवर आणि रानाच्या कडेला झाडांना वेढत चढणाऱ्या हिरणदोडीला वनस्पतिशास्त्राने गेल्या तीन शतकांत अर्धा डझन प्रजातींत फिरवले आहे. या भटकंतीवरून वर्गीकरण म्हणजे तज्ज्ञांची लहर, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण नोंदी क्रमाने वाचल्या तर तो टिकत नाही. प्रत्येक बदलामागे पुराव्याचा एक नवा प्रकार उभा आहे, आणि या सगळ्या बदलांना आधार राहिला तो वेलीच्या काळजीपूर्वक केलेल्या वर्णनाचा. पहिली मोठी नोंद हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांच्या बारा खंडी ‘हॉर्टस मलाबारिकस’मधली. १६८९ च्या नवव्या खंडात ही वेल ‘वट्टकाककोडी’ या मल्याळी नावाने चित्रासह आली. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी वैद्य या ग्रंथासाठी माहिती पुरवणारे जाणकार होते. त्यांपैकी तिघा कोकणी वैद्यांची नागरी लिपीतली साक्ष पहिल्याच खंडात छापलेली आहे. म्हणजे या वेलीच्या शास्त्रीय ओळखीची सुरुवातच इथल्या माणसांच्या निरीक्षणातून झाली.

१७८२ मध्ये धाकट्या लिनीयसने तिला ‘ॲस्क्लेपियास व्होल्युबिलिस’ म्हटले. रुईच्या नात्यातल्या पुष्कळशा वनस्पती तेव्हा या एकाच प्रजातीत कोंबल्या जात. ती गर्दी फोडली रॉबर्ट ब्राउन यांनी. १८०९ मध्ये एडिंबरा इथे वाचलेल्या निबंधात त्यांनी फुलाच्या अंतर्भागाला महत्त्व दिले: केसर आणि किंजल जुळून झालेला स्तंभ, त्याभोवतीचे मांसल तोरण आणि मेणासारखे परागपुंज. रुईचे परागपुंज खाली लोंबतात, हिरणदोडीचे उभे असतात. एवढ्या बारीक फरकावर दोघींची कुळशाखा वेगळी ठरते. ब्राउन यांनी हिरणदोडीला ‘होया’त नेले आणि नाव दिले ‘व्हिरिडिफ्लोरा’, हिरव्या फुलांची. पुढे तोरणाचे पाळे आणि फळे यांना कोणी किती वजन द्यायचे यावर मते फुटली. हास्कार्ल यांनी १८५७ मध्ये मलबारी नावावरूनच ‘वट्टाकाका’ ही प्रजाती मांडली, हूकर यांच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त ती आफ्रिकी वेलीवरून उभारलेल्या ‘ड्रेजिया’त गेली, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात तिला ‘मार्सडेनिया’त ठेवले. अलीकडच्या डीएनए-अभ्यासानंतर तिला ‘स्टेफॅनोटिस’मध्ये धरले जाते. दरम्यान रुईचे स्वतंत्र कुळही करवीर कुळात विलीन झाले.

यावर पहिला आक्षेप डोळ्यांचा आहे. मादागास्करची स्टेफॅनोटिस लांब नळीच्या, पांढऱ्या, सुवासिक फुलांची. हिरणदोडीची फुले चपटी, हिरवी, पानांच्या बगलेजवळून लोंबणाऱ्या चामरासारख्या गुच्छांत येणारी. या दोघी सख्ख्या कशा? उत्तर असे की फुलाचा रंग आणि नळीची लांबी परागवाहक कीटकांच्या निवडीने तुलनेने लवकर बदलते. म्हणून केवळ बाह्यरूपावर नाते ठरवणे धोक्याचे असते. दुसरा आक्षेप वैद्यांचा आणि शेतकऱ्यांचा: नाव सारखे बदलले तर औषधीची ओळख कशी राहणार? पण नियमानुसार ‘व्होल्युबिलिस’ हे जातिवाचक पद धाकट्या लिनीयसपासून आजतागायत शोधता येते, आणि जुनी नावे पर्यायी म्हणून नोंदलेली राहतात. खरा गोंधळ दुसरीकडे आहे. जीवंती ही औषधी म्हणून बहुतेक प्रांतांत एक वेल वापरतात, केरळात दुसरी, मूर्वेचेही तेच. तिथे लॅटिन नाव बदललेले नसते, पोत्यातली वनस्पतीच वेगळी असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: डीएनए हाती असताना वर्णनाची गरज काय? गरज अशी की डीएनएचा प्रत्येक नमुना कुठल्या तरी वाळवलेल्या, ओळख पटवलेल्या नमुन्याला जोडलेला असतो. ती ओळखच चुकली तर पुढची सगळी वंशावळ चुकते. ओळख पटते ती समोरासमोरची हृदयाकृती पाने, पात्याच्या तळाशी मध्यशिरेवर असलेल्या ग्रंथी, जाड जोडफळे आणि रेशमी तंतूंचे झुबके असलेल्या बिया यांवरून. त्यातही या फुलाचा हिरवा रंग वाळल्यावर टिकत नाही आणि मांसल तोरण सुकून आकसते. ते ताज्या फुलातच पाहून लिहावे लागते.

म्हणून प्रजातीचे नाव उद्या पुन्हा बदलले तरी त्याचे दुःख करू नये. रानभाज्या आणि औषधी वेलींची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि संस्थांनी मात्र स्थानिक नावाशेजारी ताज्या फुलाचा रंग, तोरण, परागपुंजांची दिशा आणि जतन केलेल्या नमुन्याचा क्रमांक हे चार तपशील अवश्य लिहावेत. पुढच्या पिढीला आजचे वर्गीकरण तपासून पाहायचे असेल, तर तिला याच नोंदी लागणार आहेत.