पाठीची एक पट्टी

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला मिरिस्सा हे मासेमारीचं गाव. नोव्हेंबर ते एप्रिल या हंगामात पहाटे तिथून पर्यटकांच्या बोटी सुटतात, कारण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम खोल होतो आणि तिथे ब्लू व्हेल असतो. पृथ्वीवर आजवर झालेला सर्वांत वजनदार प्राणी! तो दिसतो म्हणजे काय दिसतं? आधी आठ-नऊ मीटर उंच उडणारं फवाऱ्याचं धुकं, मग करड्या-निळ्या पाठीची एक पट्टी आणि तिच्या शेवटी नखाएवढा वाटणारा पर. नशीब असेल तर बुडी मारताना शेपूट. त्यानंतर साधारण दहा मिनिटं नुसतं पाणी. बाकीचा देवमासा आकड्यांवरून मनातच उभा करावा लागतो.

इथले ब्लू व्हेल अंटार्क्टिकातल्या भाऊबंदांपेक्षा आखूड. तरी 24 मीटरपर्यंत वाढतात, म्हणजे मुंबई लोकलच्या एका डब्यात मावणार नाहीत. अंटार्क्टिकातले 30 मीटरच्या घरात जातात आणि दीडशे टनांच्या पुढे भरतात. पिल्लू जन्मतःच सात मीटरचं, अडीच टनांचं. आईच्या दुधावर ते दिवसाला 90 किलो वाढतं, तासाला पावणेचार किलो.

हृदय मोटारीएवढं असतं, हे मात्र विसरा. 2014 मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेल्या एका ब्लू व्हेलचं हृदय टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमने जतन केलं, ते साधारण 180 किलोंचं. त्याच्या वजनाहून चकित करणारी त्याची संथ गती आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या नोंदींनुसार खोल बुडीत ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरतात आणि वर श्वास घ्यायला आल्यावर तिशीच्या पुढे जातात.

आणि पोट? मोठा ब्लू व्हेल एका घासात 80 टनांच्या आसपास पाणी तोंडात घेतो आणि गाळून बाहेर टाकतो. उत्तर पॅसिफिकमध्ये तो दिवसाला 16 टन क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे इवले जीव, खात असल्याचा अंदाज 2021 मध्ये मांडला गेला. मिरिस्साचे देवमासे क्रिलवर नव्हे, तर मुख्यतः बारीक कोळंबीवर जगतात, असं श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डि व्हॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विष्ठेतल्या डीएनएवरून दाखवलं. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली. कोकणातल्या घरात मूठभर जवळ्याने कालवण होतं.

हे देवमासे दक्षिण ध्रुवाकडे न जाता वर्षभर उत्तर हिंदी महासागरातच फिरतात. म्हणून 1963 ते 1966 या काळात सोव्हिएत ताफ्यांनी याच भागात मारलेल्या 1,294 ब्लू व्हेलचा आकडा मला जास्त जड वाटतो. बाहेरून येऊन ती जागा भरून काढणारं फारसं कुणी नव्हतं. विसाव्या शतकात जगभर मारल्या गेलेल्या देवमाशांची एकूण संख्या 29 लाखांच्या जवळपास जाते. ती वाचून पुढे जाता येतं. 1,294 वर अडखळायला होतं.

आपल्याकडे कोकणात, रेवदंड्याच्या किनाऱ्याला 2015 च्या जूनमध्ये ब्लू व्हेल लागला, तो 42 फुटांचा. पिल्लाहून मोठा, पण पूर्ण वाढीपासून बराच दूर. त्याची नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी लोकांना दिसली ती तो वाळूवर पडला म्हणूनच.

मिरिस्साच्या बोटीवरून क्षितिजाकडे पाहिलं तर आकड्यांची उतरंड उलटी होते. सुएझ आणि सिंगापूर यांच्यामधला जहाजमार्ग इथूनच जातो. त्यावरची सर्वांत मोठी कंटेनर जहाजं 400 मीटरची, म्हणजे इथल्या मोठ्यात मोठ्या देवमाशाच्या सोळापट लांब. अशा जहाजाची धडक बसली तरी डेकवर कळतही नाही. हा मार्ग 15 सागरी मैल, म्हणजे 28 किलोमीटर दक्षिणेला सरकवला तर धडकेचा धोका सुमारे 95 टक्क्यांनी घटेल, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. सुएझ ते सिंगापूर हा प्रवास नऊ हजार किलोमीटरांच्या आसपासचा. 2022 मध्ये एमएससी या जगातल्या एका बड्या जहाज कंपनीने कुणी सक्ती न करता आपली जहाजं दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.