इम्पोर्ट तर केलं, पण आलं कुठून?

मागच्या वर्षी मी गाईड सरांना ठामपणे सांगून आलो होतो की घर्षणाचा गुणांक बदलला तरी आपल्या आलेखात फरक पडत नाही. त्याचं भौतिक कारण शोधण्यात दोन दिवसही घालवले. खरं कारण साधं होतं: गुणांक बदललेली फाईल पायथॉनने वाचलीच नव्हती. तुम्ही आता कोड लिहून संशोधन करायला निघाला असाल, तर ही गोष्ट आधीच समजून घ्या.

आपण 'इम्पोर्ट मॉडेल' असं लिहितो तेव्हा पायथॉन लगेच फाईल शोधायला जात नाही. आधी 'सिस.मॉड्यूल्स' या डिक्शनरीत बघतं. तिथे त्या नावाचं मॉड्यूल असेल तर तेच आपल्या हातात देतं, विषय संपला. साध्या स्क्रिप्टला याचा त्रास नाही, कारण दरवेळी नवी प्रोसेस आणि नवी डिक्शनरी. पण ज्युपिटर नोटबुकचा कर्नल दिवसचे दिवस चालू असतो. तुम्ही फाईलमध्ये ०.३ चं ०.६ करता, सेव्ह करता, सेल परत चालवता आणि मेमरीत मात्र ०.३ च बसलेलं असतं. एररही येत नाही, खरी गोची तीच आहे.

यावर 'इम्पोर्टलिब.रीलोड' आहे, पण त्यावर फार विसंबू नका. 'फ्रॉम मॉडेल इम्पोर्ट' करून आणलेली नावं जुन्याच किमती धरून राहतात, आणि आधी तयार केलेले ऑब्जेक्ट जुन्याच क्लासचे राहतात. अर्धं नवं, अर्धं जुनं हे माझ्या मते सगळं जुनं असण्यापेक्षा वाईट. मी आता कुणालाही आकडा दाखवण्याआधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली चालवतो. वेळ जातो, जाऊ दे.

डिक्शनरीत मॉड्यूल नसेल तरच शोध सुरू होतो. पायथॉनच्या आतच बसवलेली मॉड्यूल्स पाहून झाली की 'सिस.पाथ' या यादीतले फोल्डर क्रमाने तपासले जातात. स्क्रिप्ट चालवताना पहिला नंबर सहसा ती स्क्रिप्ट असलेल्या फोल्डरचा. मग स्टँडर्ड लायब्ररी, आणि त्यानंतर साईट-पॅकेजेस, म्हणजे पिपने बसवलेलं सगळं. पहिलं सापडलं की शोध थांबतो. म्हणून सरावाच्या फाईलला 'रँडम.पीवाय' नाव दिलंत, तर तिथून चालवलेल्या प्रत्येक स्क्रिप्टला खऱ्या रँडमऐवजी तुमचीच फाईल मिळते. (हे तुम्ही एकदा तरी करणारच, आम्ही सगळ्यांनी केलंय.)

शंका आली की मॉड्यूलचा 'फाईल' हा गुणधर्म छापून बघा, नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. कोड नेमका कुठल्या फोल्डरमधून आला ते कळतं. एकाच फाईलच्या दोन प्रती असतील तर हे फार उपयोगी. माझ्या प्रकरणात मात्र याने काहीच कळलं नसतं: पाथ बरोबरच होता, मजकूर तेवढा शिळा होता.

रीस्टार्ट केल्यावर आलेख सरळ वेगळा आला. मग सरांकडे परत गेलो.